केनवडचा बुधवार

सकाळी सव्वासहा. वाशिमच्या बसस्थानकावर चहाचं पहिलं आधण उतरलेलं असतं आणि माझी गाडी लागलेली असते. बुधवार केनवडचा. मालेगावला गाडी बदलायची आणि मेहकरच्या रस्त्याला लागायचं. एका संस्थेची समुपदेशक म्हणून आठवड्यातला हा एक दिवस मी या गावाला देते. तीन वर्षं झाली.

जुलैचा पहिला आठवडा आहे. मृगात पाऊस पडला, लोकांनी सोयाबीन पेरलं, आणि आता बारा दिवस आभाळ नुसतं भरून येतंय आणि निघून जातंय. गाडीत दुसरं बोलणं नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी खातं दरवर्षी बजावतं. पण शेजारच्या वावरात ट्रॅक्टर फिरताना दिसला की हात थांबत नाही. खिडकीतून काही वावरांत दोन-दोन पानांच्या हिरव्या ओळी दिसतात, काही अजून काळीच आहेत. मागच्या सीटवरून ‘दुबार’ हा शब्द दोनदा कानावर आला.

पावसापासून सुरुवात केली, कारण माझ्या कामातला पहिला प्रश्न इथंच उभा राहतो. ज्याचं एकरी तीस किलो बियाणं मातीत पडून आहे, त्याला रात्री झोप लागली नाही तर त्यात आजार कुठला? त्याची काळजी खरी आहे, तिला कारण आहे. आजार म्हणायचं ते पुढचं: पाऊस आला, पीक उगवलं, तरी भीती उतरली नाही. किंवा जिथं धोकाच नाही तिथं शरीर धोक्याची घंटा वाजवू लागलं, आणि त्या घंटेच्या धाकानं माणसानं बाजार, गाडी, लग्नं, शेवटी उंबरा ओलांडणं सोडलं. सतत चालणाऱ्या चिंतेला विकार म्हणायचं तर ती सहा महिने तरी टिकलेली असावी, असा वैद्यकशास्त्राचा दंडक आहे. माझी आपली साधी खूण अशी की भीतीपायी माणसाचं काय काय सुटलं ते मी मोजते.

आठ वाजता केनवडला उतरते तेव्हा गावची आशा सेविका, आमची आशाताई, रस्त्यावरच उभी असते. तिच्या हातातल्या वहीत आज सहा जण आहेत. माझं निम्मं काम ही बाई आधीच करून ठेवते, हे मी कुठंही मोकळेपणानं सांगते. ‘तुम्हाला मानसिक त्रास आहे का’ असं ती कुणालाही विचारत नाही. असं विचारलं तर दार लागतं. ती ओट्यावर बसते, लेकराच्या लसीचं बोलते आणि उठता उठता विचारते, “झोप येते का वो काकू? जेवण जाते का?” उत्तरं तिला तिथंच मिळतात. जीव घाबरते. धडधड होते. पोटात गोळा येते. हातापायातलं पाणी गेल्यासारखं वाटते. ‘अँग्झायटी’ हा शब्द या गावात मी एकदाच ऐकला, पुण्याहून परत आलेल्या एका मुलाच्या तोंडून. बाकी सगळ्यांचा शब्द ‘भेव’. मला तो जास्त नेमका वाटतो.

नऊ. दवाखान्याच्या आवारातली लहान खोली आम्हाला मिळाली आहे. दोन खुर्च्या, एक पंखा. पहिले भाऊ चाळिशीचे, पिशवीत कागदांची चळत. वर्षभरात चार वेळा रात्री अकरानंतर त्यांना गाडीत घालून दवाखान्यात नेलं. ईसीजी तीन, इको एक, रक्त दोनदा. सगळं स्वच्छ. प्रत्येक वेळी सलाईन लागलं, ‘काही नाही, गॅस आहे’ असं सांगून घरी पाठवलं.

“मले हार्टचंच हाय मॅडम,” ते म्हणाले. “डाक्टर सांगत नाई फक्त.”

‘काही नाही’ हे सांगणं इथं किती महाग पडतं, ते मी रोज पाहते. त्या माणसाच्या छातीत खरोखर धडधडलं आहे, बोटं खरोखर बधिर झाली आहेत, आता आपण मरतो हे त्यानं अनुभवलं आहे. त्याला ‘काही नाही’ म्हटलं की तो दुसरा डॉक्टर शोधतो.

“तुमच्या वावराले झटका मशीन हाय का?” मी विचारलं.

“हाय ना. रानडुकरं लय झाले.”

“सायरन वाजला की दरवेळी डुक्करच असते का?”

“नाई. गवत लागलं तारेले तरी वाजते. वलं गवत असलं की रातभर.”

“मग काय करता?”

“बॅटरी घेऊन पाह्यतो. काही नसलं तर गवत काढतो, झोपतो.”

मी गप्प राहिले. ते बराच वेळ पंख्याकडे बघत होते. मग म्हणाले, “म्हंजे हे गवत हाय म्हनता?”

ही उपमा मला याच गावानं दिली, आणि तिच्याइतकं चांगलं स्पष्टीकरण मी पुस्तकात वाचलेलं नाही. संकट आलं की शरीर पळायला किंवा लढायला तयार होतं. हृदय जोरात पळतं, श्वास वाढतो, स्नायू ताठतात, पोट काम थांबवतं. ही यंत्रणा चांगली आहे, तिच्यावरच आपले पूर्वज जगले. पॅनिकच्या झटक्यात ती गवताच्या पात्यावर वाजते. मग धडधडीचा अर्थ माणूस ‘हार्ट अटॅक’ असा लावतो, त्या विचारानं भीती वाढते, भीतीनं धडधड वाढते. गोल पुरा होतो. झटका साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि काहीही न करता ओसरतो. पण तोवर सलाईन लागलेलं असतं, आणि बरं वाटल्याचं श्रेय सलाईनला जातं.

मग आम्ही एक प्रयोग केला. मिनिटभर दोघांनी जोरजोरात श्वास घेतले. चाळीस सेकंदांतच त्यांनी हात वर केला, बोटांना मुंग्या आल्या होत्या. “हेच होते! हेच होते राती!” भरभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यानं मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. हृदयाचा त्यात काही दोष नाही. वर्षभर ज्याच्या भीतीत काढलं ते आपणच मिनिटभरात आणू शकतो आणि घालवूही शकतो, हे त्यांना स्वतःच्या अंगावर कळलं. तपासण्या पाहिल्याशिवाय आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा प्रयोग मी कुणावर करत नाही. नव्यानं छातीत दुखू लागलेल्या माणसाची जागा आधी दवाखान्यात. थायरॉइड, रक्तातलं कमी झालेलं हिमोग्लोबिन, आणि या दिवसांत फवारणीच्या औषधाची बाधा, यांतूनही असाच जीव घाबरतो.

जाताना मी खर्ऱ्याचं विचारलं. दिवसाला सहा पुड्या. तंबाखू आणि सुपारी दोन्ही हृदयाचे ठोके वाढवतात. पुढच्या बुधवारपर्यंत चार करायच्या ठरल्या.

साडेदहा. एक काकू, साठीच्या आसपास. यांचं भेव झटक्यानं येत नाही, ते दिवसभर मुरतं. मुलगा पुण्याला कंपनीत, त्याचा फोन पाच मिनिटं उशिरा आला की त्यांना अपघात दिसतो. सुनेचं बाळंतपण, नातवाचा ताप, पाऊस, गॅसची टाकी, सगळं एका रांगेत. सात प्रश्नांची एक छोटी चाचणी असते, मागच्या दोन आठवड्यांत किती दिवस असं वाटलं ते विचारणारी. २१ पैकी १० किंवा त्याहून जास्त गुण झाले की नीट लक्ष घालायचं. काकूंचे तीन महिन्यांपूर्वी १६ होते, आज ९.

काकूंना मी दोन गोष्टी दिल्या होत्या. एक, काळजीची वेळ. सांजेची दिवाबत्ती झाली की वीस मिनिटं फक्त काळजी करायची, मनसोक्त. दिवसभर आलेली काळजी ‘सांजच्याले ये’ म्हणून परत पाठवायची. विचार ढकलून दिला तर तो दुप्पट जोरानं येतो, वेळ दिली तर थांबतो. दुसरी गोष्ट, वाटणी. हातातली काळजी वेगळी, आभाळातली वेगळी. पीक विम्याचा अर्ज भरायचा राहिला आहे, ही हातातली, तिच्यावर उद्याच काम. पाऊस येतो की नाही, ही आभाळातली, तिला फक्त सांजेची वीस मिनिटं. काकूंनी आज सांगितलं की परवा सांजेला बसल्या तर काळजीच आठवेना, मग त्यांनी वाती वळल्या.

साडेअकरा. या माणसाबद्दल मी थोडं अधिक लिहिणार आहे, आणि ओळख पटेल असं काही लिहिणार नाही. आशाताईनं त्यांना स्वतः हाताला धरून आणलं. झोप नाही, भूक नाही, घरात बोलणं नाही. मी चाचणीचा कागद काढला आणि परत ठेवला. त्यांच्या भीतीला पाय होते. सोसायटीचं कर्ज, वर खासगी, आणि आता दुबार पेरणीला पैसे नाहीत. या माणसाला श्वासाचा व्यायाम शिकवणं म्हणजे त्याचा अपमान करणं आहे, असं मी मानते.

म्हणून सरळ विचारलं, “जगू नये असा विचार येते का मनात?”

असं विचारल्यानं विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट आत कोंडलेलं बोलायला वाट मिळते. ते रडले. हो म्हणाले. मग पुढचा दीड तास फक्त कामं झाली. फवारणीचं औषध घरात नको; ते भावाच्या घरी कुलपात जाईल, भावाला फोन झाला, तो आला. आज एकटं राहायचं नाही. भावाबरोबर दुपारच्या गाडीनं वाशिमला मनोविकार डॉक्टरांकडे, चिठ्ठी मी दिली, तिकडे फोन केला. कर्जाच्या पुनर्गठनाचा अर्ज कसा करायचा ते सांगणाऱ्या माणसाची गाठ शुक्रवारी. आशाताई उद्या सकाळी आणि परवा सकाळी घरी जाणार. खिशात १४४१६ लिहिलेला कागद. टेली मानसचा हा नंबर २०२२ पासून आहे, रात्री-बेरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.

२०१५ मध्ये सरकारनं विदर्भ-मराठवाड्यातल्या आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यात वाशिम आहे. घरोघरी जाऊन चिंता-नैराश्य ओळखायचं काम त्यात आशांवर आलं, समुपदेशनासाठी १०४ नंबर आला. योजना कागदावर कशी दिसते यापेक्षा तिच्यातलं हे एक तत्त्व मला मोलाचं वाटतं: संकटातला माणूस आपल्याकडे येणार नाही, आपणच त्याच्या ओट्यावर जायचं.

सव्वा वाजता भाकरी, ठेचा आणि कांदा. आशाताई जेवत नव्हती, नुसती बसली होती. अशा माणसानंतर ती नेहमी अशीच होते. मी तिला बोलतं केलं नाही, पाणी पुढं केलं. तिलाही कुणीतरी ‘झोप येते का’ विचारायला हवं, म्हणून दर महिन्याच्या शेवटच्या बुधवारी मी ते विचारते.

अशाच बायकांच्या जिवावर मोठी कामं उभी राहिली आहेत. विदर्भातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच लोकांना शिकवून तयार केलं आणि दीड वर्षात नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. त्याआधी गोव्यात ‘संगाथ’नं सरकारी आरोग्य केंद्रांमध्ये, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या समुपदेशकांकडून चिंता आणि नैराश्यावर उपचार होऊ शकतात हे दाखवलं, त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं २०१९ साली जगात ३० कोटींहून अधिक लोकांना चिंतेचे विकार होते आणि चौघांतल्या जेमतेम एकाला उपचार मिळत होते. केनवडसारख्या गावात हा हिशेब कुणी केलेला नाही. वाशिमच्या डॉक्टरांकडे जायचं तर एक रोज बुडतो, गाडीभाडं लागतं, आणि गाव विचारतं कुठं गेला होता.

म्हणून लोक आधी सैलानीच्या दर्ग्याला जातात. मी त्यांना कधी अडवलं नाही. दर्ग्यावर, देवळात जाऊन हलकं वाटत असेल तर वाटू दे. माझं भांडण मारहाण, साखळदंड आणि उपाशी ठेवणं यांच्याशी आहे. त्याविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ पासून कायदा आहे, आणि तो मी घरच्यांना स्पष्ट शब्दांत सांगते. बाकी दुवा चालू ठेवा आणि गोळीही घ्या.

अडीच. गोळीचाच विषय. एक मावशी सहा वर्षं अल्प्राझोलाम घेते आहे. कुणीतरी कधीतरी आठ दिवसांसाठी लिहून दिली, मग मेडिकलवरून ती आणतच राहिली. ही गोळी अर्ध्या तासात भेव उतरवते, म्हणूनच ती धोक्याची. शरीराला तिची सवय लागते, आणि एकदम बंद केली तर घबराट दुप्पट होऊन येते, कधी फिटही येते. मावशीला मुलानं सरळ बंद करायला लावली होती, चार रात्री तिनं भिंतीला टेकून काढल्या. आता वाशिमचे डॉक्टर ती पाव-पाव करत कमी करत आहेत. एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालिन या गटातल्या गोळ्यांचं नेमकं उलटं. त्यांची सवय लागत नाही, पण गुण यायला दोन ते सहा आठवडे जातात, आणि पहिल्या आठवड्यात अस्वस्थता थोडी वाढूही शकते. हे आधी सांगितलं नाही तर माणूस पाचव्या दिवशी डबी फेकतो. बरं वाटल्यावरही त्या काही महिने चालू ठेवायच्या आणि उतरवायच्या त्या डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच, हळूहळू. मावशीला मी हे चौथ्यांदा सांगितलं. पाचव्यांदाही सांगेन.

त्यानंतर एक मुलगा, पंगतीत जेवू न शकणारा. चार लोक बघताहेत म्हटलं की त्याचा घास हातातच राहतो. गेल्या आठवड्याचं त्याचं काम होतं दुकानात जाऊन तीन वस्तूंचे भाव विचारायचे आणि काहीच न घेता परत यायचं. करून आला. दुकानदार हसला का? नाही, तो फोनवर बोलत होता. आपल्याकडे कि. मो. फडक्यांनी मराठीत रुजवलेली अल्बर्ट एलिस यांची पद्धत हेच करायला लावते: ‘लोकांनी मला नावं ठेवता कामा नयेत’ हा मनातला हट्ट आधी ओळखायचा, मग पायांनी चालत जाऊन मोडायचा. नुसत्या बोलण्यानं तो मोडत नाही. पुढचं काम पुढच्या रविवारी, मावसभावाच्या लग्नात दोन घास.

सव्वाचार. आज दिवसभर मी या वेळेची वाट पाहत होते.

वहिनी रस्त्याच्या कडेला उभी आहे. काही वर्षांपूर्वी मालेगावच्या बाजाराच्या दिवशी खच्चून भरलेल्या एसटीत तिला पहिला झटका आला. गाडी थांबवून उतरली, आणि त्यानंतर गाडीत बसली नाही. माहेर मेहकरला, अंतर एवढंसं, पण भाचीच्या लग्नाला गेली नाही. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं तेव्हा सगळं गाव हिंडलं, ही घरीच.

आम्ही तिच्या मुलाच्या वहीत एक शिडी लिहिली होती. पहिली पायरी, थांब्यावर नुसतं उभं राहायचं, गाडी येऊ द्यायची, जाऊ द्यायची. मग थांबलेल्या गाडीत चढून उतरायचं. मग पुढच्या गावापर्यंत माझ्या शेजारी. प्रत्येक पायरीवर भेवाची पैसेवारी. महसूल खातं पिकाची लावतं तशी. शंभर पैसे म्हणजे आता मरते. आणि नियम एकच: पैसेवारी निम्म्यावर येईपर्यंत उतरायचं नाही. कारण भीतीच्या ऐन शिखरावर पळून गेलं की मेंदू शिकतो, पळालो म्हणून वाचलो. बसून राहिलं की तो दुसरंच शिकतो. वाचायला सोपं आहे, करायला फार कठीण. पाचव्या पायरीवर तिनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठले. मी तेव्हा ‘काळजी करू नको’ म्हटलं नाही. हे वाक्य मी या कामात कुणाला म्हणत नाही. ‘किती पैसे?’ एवढंच विचारत राहिले.

आज नववी पायरी. मालेगावपर्यंत एकाच गाडीत, पण ती पुढं, मी मागं. मालेगावहून परत एकटी. हातात नेहमीची पाण्याची बाटली होती, पदराच्या गाठीत लवंग. या वस्तू म्हणजे भीतीच्या कुबड्या. त्याही हळूहळू सोडायच्या असतात. लवंग राहू दे म्हटलं, बाटली मी माझ्या पिशवीत घेतली. तिनं दिली, पण हात जरा मागं राहिला.

गाडी आली. चढली. दाराजवळची जागा रिकामी असून पुढं जाऊन बसली. मला तिचा फक्त अंबाडा आणि खिडकीची दांडी धरलेला हात दिसत होता. वाटेत हात दोनदा सुटला, दोनदा परत दांडीवर गेला. मालेगावला उतरली तेव्हा घामानं भिजली होती. “साठ,” म्हणाली. मग समोर मेहकरची गाडी लागली, आणि मी तिच्याबरोबर जाऊ नये हेच माझं काम होतं. गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत मी फलाटावर उभी होते.

वाशिमला पोचेपर्यंत सात. दुपारी भावाबरोबर पाठवलेल्या त्या माणसाचा निरोप डॉक्टरांकडून आला होता: तपासलं, औषध दिलं, दोघं भाऊ गाडीत बसले. आशाताईला तो पुढं पाठवला. वहीत आजच्या सहा नोंदी केल्या.

सव्वासातला वहिनीचा फोन.

“पोचली मी. कवाचीच पोचली, पन गाय दोहायची होती.”

“किती पैसे?”

“बसली तवा ऐंशी. मंधात गाडी बंद पडली, धा मिन्टं उभी. तवा नव्वद झाले असन. कंडाक्टर म्हने उतरा जराशा, हवा घ्या. लोकं उतरले बी.”

“आणि तू?”

“नाई उतरली. बसूनच राह्यली.” मागं भांड्यांचा आवाज आला, लेकरानं काहीतरी मागितलं. “घरी उतरली तवा तीस. ठेवते आता, भाकरी टाकाच्या हायत.”